एक्स्टेन्शन दोनशे चौदा

तो दिवा बंद कर टायसन. किडे माझ्या बिअरमध्ये पोहायला लागलेत. अंधारात बसलो तर काही बिघडत नाही, एकमेकांची तोंडं दिवसभर बघितलीच आहेत. आणि ब्रोनी, तो लॅपटॉप मीट आता. उद्याचं उद्या.

हां, मी उद्याचंच बोलतोय. मघाशी जेवताना तू याला काय सांगत होतीस? मेंढ्या कातरणाऱ्या पोरांच्या खोल्यांत चार फोन आहेत, त्यांच्यावरून लांबचे फोन बंद करायचेत, दोन मिनिटांचं काम, शून्य-शून्य टाकलं की झालं. असंच म्हणालीस ना? तेव्हा माझा घास घशात अडकला. तुम्हाला वाटलं, म्हाताऱ्याच्या कवळीला मटण झेपेना. मटण झेपत होतं. ते शून्य-शून्य झेपलं नाही.

का ते सांगतो. मोटेलच्या या व्हरांड्यात दुसरं करायला आहे तरी काय? ऐका, आणि मग उद्या काय करायचं ते करा.

ही गोष्ट नेव्ह प्रायरची. तुम्ही दोघं कामाला लागायच्या आधी तो माझ्याबरोबर होता, चांगली अकरा वर्षं. एवढा उंच की दारातून वाकून यायचा, आणि वाकूनही डोकं आपटायचा. हात मात्र सफाईदार. ऑफिसच्या फोनचं यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, नेव्ह त्याच्यासमोर बसला की ते त्याचं ऐकायचं. पुढचं जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्याच्याच तोंडून ऐकलंय. शेवटचं तेवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाच-सहा वर्षं झाली. एप्रिलची बारा तारीख, शुक्रवार. टॅलारू गावाच्या पुढे चाळीस किलोमीटरवर कापसाची एक जिनिंग होती. आता बंद आहे. तिथे मोबाईलला एक कांडी रेंज यायची नाही, आजही येत नाही. सगळा भार ऑफिसातल्या त्या जुन्या यंत्रावर. तिथला मॅनेजर गार्थ म्हणून एक होता, बारीक मिशीवाला. त्यानं नेव्हला बोलावलं.

"वजनकाट्यावरचा फोन," गार्थ म्हणाला, "दोनशे चौदा नंबर. ट्रकवाले आत घुसतात आणि आपल्या बायकांशी, आणि बायका नसलेल्यांशीही, अर्धा-अर्धा तास बोलत बसतात. ट्रक काट्यावर उभा, मागे सहा ट्रकांची रांग. मला ते बंद करून हवंय. गावातले फोन राहू दे. बाकी सगळं तोड."

साधं काम. कापसाचा हंगाम होता, ट्रक रात्रंदिवस येत होते, माणूस चिडणारच.

नेव्हनं काय केलं ते तुम्हाला कळेलच, कारण तुम्हीही तेच करणार होतात. बाहेरची लाईन हवी तर आधी शून्य दाबायचं. लांबच्या गावचा नंबर शून्यानं सुरू होतो. मोबाईलचाही शून्यानंच. गावातला मात्र सहानं. म्हणजे शून्यावर पुन्हा शून्य आलं की यंत्रानं कॉल तोडायचा. बंदीच्या यादीत एकच ओळ, शून्य-शून्य. झालं काम. नेव्हनं ती ओळ टाकली आणि फोन तपासायला वजनकाट्याच्या खोलीत गेला.

खोली म्हणजे काय, पत्र्याची टपरीच. काट्यावर खिडकी, एक टेबल, एक हीटर. रात्रपाळीला तिथे नोरीन हॅलिगन असायची. वय अठ्ठावन्न. स्वतः विणलेली हिरवी टोपी घालायची आणि शब्दकोडी सोडवायची, पेनानं, पेन्सिलीनं नाही. तिला दमा होता, त्यामुळे टेबलावर कायम तिचा निळा पंप.

नेव्हनं शिरताना डोकं आपटलंच.

"दर वेळी?" नोरीन म्हणाली. "दार उंच करून घेऊ का तुझ्यासाठी? का तू गुडघ्यापासून थोडा कापून घेतोस?"

"हसून घे. तुझा फोन तोडायला आलोय."

"माझा नाही रे, त्या चावटांचा. बरं करतोयस. मला इथे बसून काय काय ऐकावं लागतं, सांगितलं तर तुझे कान झडतील."

नेव्हनं तपासलं. सिडनीचा नंबर लावला, तुटला. मोबाईल लावला, तुटला. गावातल्या पबला लावला, वाजला. आत जिनिंगच्या शेडला लावला, वाजला. चारही बरोबर. तो पेटी बंद करायला लागला तेव्हा नोरीननं विचारलं, "आणि मलाच काही झालं तर? मागच्या आठवड्यात हीटरखाली तपकिरी साप निघाला होता. रात्री इथे मी एकटी."

नेव्ह हसला. "मग तीन शून्य लाव. पोलीस, आगीचा बंब, अँब्युलन्स, जे हवं ते येईल. ती लाईन कुणी बंद करत नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं त्याला कागदात गुंडाळून फ्रूट केकचा तुकडा दिला. रस्त्यात खा म्हणाली.

समजलं? ब्रोनीला समजलं. तिचा चेहरा दिसत नाही, पण ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

तीन शून्य. बाहेरच्या लाईनीचं शून्य, आणि त्यावर पुन्हा शून्य. तिथेच तुटणार. तीन दाबा, चार दाबा, दुसऱ्याच शून्याला यंत्र दार लावून घेणार. बंदीच्या आधी मोकळ्या नंबरांची यादी असते, तिच्यात तीन शून्य टाकायचे असतात. नेव्हला माहीत होतं. राहून गेलं. आणि राहून गेलंय हे कळलं नाही, कारण तो नंबर आपल्यातलं कुणी तपासत नाही. तिकडे खरंच माणूस उचलतो, काय झालंय विचारतो, आणि उगाच लावला म्हटलं की झाडतो. म्हणून सगळे तो सोडून बाकीचे लावून बघतात. तुम्हीही, मीही. उगाच नाही-नाही म्हणू नकोस टायसन.

त्यानंतर सोळा दिवसांनी, अठ्ठावीस एप्रिल. रविवारची रात्र. संध्याकाळी वादळ येऊन गेलं होतं. कापूस ओला, त्यामुळे जिनिंग थांबवलेली, शेडमध्ये कुणी नाही. ट्रक नाहीत. नोरीन तेवढी पाळीवर, कारण फाटक तिच्याकडे. अशा वादळानंतर दमेकऱ्यांचे फार हाल होतात. सगळ्या रानाचा कचरा हवेत येतो.

सकाळी सहाला पहिला ट्रक आला तेव्हा ती खुर्चीत होती. हिरवी टोपी डोक्यावर. निळा पंप जमिनीवर, रिकामा. फोनचा रिसिव्हर मांडीवर.

डॉक्टर म्हणाले दमा. लोक म्हणाले, फोन उचलला आणि तेवढ्यात गेली बिचारी.

तिचा नवरा मर्व्ह. लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्या रात्री तो ब्रिस्बेनच्या वाटेवर होता, म्हणजे घरी फोन लावून तिला उपयोग नव्हता. आणि नोरीनचा भरलेला दुसरा पंप त्याच्या ट्रकमध्ये, समोरच्या कप्प्यात. उतरवून ठेवायचं विसरला होता. झालं, मर्व्हनं तेच धरून ठेवलं. दफनाच्या दिवशी प्रत्येकाचा हात हातात घेऊन एकच सांगायचा, "माझ्याकडे होता. माझ्या ट्रकमध्ये होता." ट्रक सोडला त्यानं. जेवण सोडल्यासारखंच. घराच्या पायरीवर बसून असायचा, आणि तो भरलेला पंप शर्टाच्या खिशात. स्वतःला दम्याचं नाव नाही, पण पंप खिशात. मला बघवायचं नाही. मी रस्ता बदलून जायचो, खरं सांगतो.

मग तेरा मे उजाडला. गार्थचा नेव्हला फोन.

"तुझं यंत्र बिघडलंय. ऑफिसातला तो कॉल लिहिणारा प्रिंटर आहे ना, तो दर रविवारी रात्री आपोआप छापत बसतो. सोमवारी येऊन बघतो तर कागद लोंबतोय. आणि छापतो कोणतं एक्स्टेन्शन? दोनशे चौदा. ती टपरी आम्ही कुलूप लावून बंद केली रे. फोन काढून कपाटात ठेवलाय."

त्या यंत्राला जोडलेला एक प्रिंटर होता. कुठल्या एक्स्टेन्शनवरून, किती वाजता, कुठला नंबर, किती वेळ, प्रत्येक कॉलची एक ओळ; कॉल मध्येच तुटला तरी दाबलेले सगळे आकडे त्यात यायचे. बंदीमुळे तुटलेला कॉल असेल तर ओळीच्या शेवटी एक चांदणी.

नेव्ह मंगळवारी गेला. कागदाची घडीघडीची चळत खोक्यात पडलेली. वरचा तेरा मेचा कागद, सात ओळी. खालचा सहा मेचा, सात ओळी. त्याच्याखालचा कुणी पाहिलेलाच नव्हता. तो एकोणतीस एप्रिलच्या पहाटेचा होता. म्हणजे त्याच रात्रीचा.

दोन सतरा. दोनशे चौदा. शून्य शून्य शून्य शून्य. चांदणी.

दोन अठरा. तेच. चांदणी.

दोन एकोणीस.

अशा सात. शेवटच्या दोन ओळींत चारसुद्धा शून्यं नव्हती. एकीत तीन. एकीत दोन.

नेव्ह मला म्हणाला होता, "क्लिफ, मी तो कागद वाचला आणि मला केकची चव आली तोंडात."

आता माणूस काय करतो बघा. मर्व्ह तिकडे पंप खिशात घेऊन बसलेला. जिवंत मरत होता तो, आणि त्याची चूक नव्हती हे त्या खोक्यात लिहिलेलं. नेव्हनं तो कागद फाडला. आमच्या वर्कशॉपमागच्या पिंपात जाळला. बंदीच्या यादीला त्यानं हात लावला नाही, कारण यादीत बदल कधी झाला ते यंत्र लिहून ठेवतं, आणि ते कुणी वाचलं असतं. त्यानं फक्त दोनशे चौदाची वायर यंत्रापासून उपटून काढली. गार्थला म्हणाला, ओल आली होती, आता होणार नाही. हे तो मला सांगत होता तेव्हा रडत होता. मी नाही त्याची बाजू घेत. पण तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय केलं असतंत, हे मला आत्ता सांगू नका.

वायर काढली, तरी त्याला झोप येईना. पुढच्या रविवारी, एकोणीस मेला, रात्री बाराच्या सुमाराला त्यानं गाडी काढली. गार्थला म्हणाला, तपासून बघतो. ऑफिसची चावी घेतली.

हिवाळा तोंडावर, कडाक्याची थंडी. जिनिंग त्या रात्रीही बंद होती. ऑफिसात नेव्ह एकटा. समोर स्वागतकक्षातला मोठा फोन, ज्याच्यावर सगळ्या एक्स्टेन्शनांचे आणि बाहेरच्या लाईनींचे दिवे. बाजूला प्रिंटर. खिडकीतून तीनशे पावलांवर ती टपरी दिसत होती. अंधारात. कुलूपबंद.

एक वाजला. दोन वाजले. त्यानं थर्मासमधला चहा ओतला.

दोन सोळा.

त्यानं घड्याळावरची नजर काढून वायरीकडे नेली. उपटलेलं टोक तसंच लोंबत होतं. त्यानं स्वतः त्याला चिकटपट्टी लावली होती.

दोन सतरा.

प्रिंटर खरखरला.

एक ओळ. चांदणी.

नेव्ह हलला नाही. मिनिट गेलं. दुसरी ओळ. चांदणी. तिसरी. चौथी. प्रत्येकीच्या मध्ये एक मिनिट... कुणीतरी दम घेतंय इतका वेळ. पाचवी. सहावी, तीन शून्यं. सातवी, दोन.

संपलं, असं त्याला वाटलं. दर वेळी सातच असायच्या.

आठवी ओळ आली.

नववी.

दहावी. आता मध्ये वेळ नव्हता. कागद सरकत होता. चांदणी. चांदणी. चांदणी. कागद टेबलावरून खाली आला, त्याच्या बुटावर पडला.

आणि समोरचा मोठा फोन वाजला.

आतल्या कॉलची छोटी घंटी असते ना, ती. फोनच्या छोट्या पडद्यावर आकडा... दोनशे चौदा.

त्यानं उचलला. का उचलला, त्याला माहीत नाही. वाजला की उचलायचा, एवढंच आयुष्यभर केलेलं.

पलीकडे कुणी बोलेना.

श्वास.

आत ओढलेला... आणि त्याच्या तळाशी शिट्टी. मग थांबला. फार वेळ थांबला. मग पुन्हा...

"नोरीन?"

शिट्टी.

"नोरीन... मी..."

श्वास थांबला. आणि मग, अगदी कानाशी...

"नक्की?"

...

टायसन, ते बिअरचं झाकण खेळवू नकोस रे.

...

नेव्हनं रिसिव्हर खाली ठेवला नाही. टेबलावर तसाच आडवा ठेवला. त्याच फोनवरून यंत्रात शिरायचं, त्याचा एक कोड असतो. त्यानं तो चुकवला. पुन्हा चुकवला. तिसऱ्यांदा लागला. मोकळ्या नंबरांची यादी. शून्य. शून्य. शून्य. बदल केव्हा झाला, तारीख, वेळ, त्याचं नाव, सगळं यंत्र लिहून घेणार होतं. दोन मिनिटांचं काम. त्यानं ते केलं.

प्रिंटर थांबला. ओळीच्या मध्येच.

फोनवर बाहेरच्या पहिल्या लाईनीचा दिवा लागला. लाल. स्थिर.

नेव्हनं रिसिव्हर कानाला लावला आणि त्या दिव्याचं बटण दाबलं. पलीकडे घंटी. एक. दोन. मग एक बाई, अगदी जागी, अगदी खरी.

"इमर्जन्सी. पोलीस, आग की अँब्युलन्स?"

कुणी बोलेना.

"हॅलो? ऐकू येतंय का? पोलीस, आग की अँब्युलन्स?"

शिट्टी... लहान. आणखी लहान.

नेव्ह म्हणाला, "अँब्युलन्स." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. त्यानं पत्ता सांगितला. जिनिंग, दुसरं फाटक, वजनकाटा.

"कुणाला त्रास होतोय?"

"नोरीन हॅलिगन. दमा आहे तिला."

"त्या शुद्धीवर आहेत का? श्वास चालू आहे?"

नेव्हनं ऐकलं. लाईनवर नुसती खरखर. मग...

"हो," तो म्हणाला. "चालू आहे."

"अँब्युलन्स निघाली. त्यांच्याजवळ थांबा."

दिवा विझला. दोन एकतीस झाले होते.

तो जाऊन थांबला. खरंच. टपरीच्या बंद दाराला टेकून, थंडीत, अँब्युलन्स येईपर्यंत. त्यांना यायला चाळीस मिनिटं लागली. दोघं होते. त्यातली ट्रूडी म्हणून एक, तिनंच त्या सकाळी नोरीनला उचललेलं. कुलूप बघितलं, नेव्हकडे बघितलं, आणि तिला वाटलं हा पिऊन आलाय. नेव्हनं तिला सगळं सांगितलं. यादी, चांदण्या, पिंपात जाळलेला कागद. तिथेच, हेडलाईटच्या उजेडात.

ती भडकली नाही. तिनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगतोयस? मर्व्हला सांग. रोज सकाळी मी त्याच्या दारावरून गेले की तो पायरीवरून विचारतो, पंप जवळ असता तर ती वाचली असती का."

साडेचारला नेव्हनं माझं दार वाजवलं.

आता ऐका, कारण हे मी कुणाला सहसा सांगत नाही. सगळं सांगून झाल्यावर नेव्ह माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "तू येशील का माझ्याबरोबर?" मी नाही म्हणू शकलो नाही. कारण ते शून्य-शून्य त्याला मी शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी. कशाला दहा ओळी लिहितोस, एक ओळ टाक, संध्याकाळी मासे पकडायला जाऊ, असं मी म्हटलेलं. मोकळी यादी आधी कर, हे मी म्हटलं होतं की नाही, मला आठवत नाही. फार आठवून बघितलंय. नाही आठवत. ब्रोनी, तुला ती युक्ती कुणी शिकवली? माझ्या हाताखालच्याच कुणीतरी. ती अजून फिरतेय.

नेव्हचं पुढे काय झालं ते आताच सांगतो, नंतर मी बोलणार नाही. त्यानं त्याच आठवड्यात जाऊन लेखी जबाब दिला. चौकशी पुन्हा उघडली. लायसन्स गेलं. बऱ्याच लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि ते बरोबरच होतं. आता तो किनाऱ्याकडे कुठेतरी कुंपणं घालतो. ख्रिसमसला मला एक कार्ड येतं, आत नुसतं नाव.

आणि उद्या, तुम्ही दोघं, बंदी घालायच्या आधी तीन शून्य मोकळे करायचे. मग त्या चारही फोनवरून, एकेका फोनवरून, तो नंबर लावून बघायचा. आधी त्यांना कळवून ठेवा. तरी झाडलं तर झाडू देत. नम्रपणे सॉरी म्हणायचं.

तर, आम्ही सहाला मर्व्हकडे पोचलो. उजाडत होतं. तो पायरीवर नव्हता. स्वयंपाकघरात दिवा होता, दार उघडं. मर्व्ह टेबलाशी बसलेला. आम्हाला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे मला तेव्हाच खटकलं. त्यानं चहासाठी पाणी ठेवलं.

नेव्ह उभ्यानंच बोलला.

मर्व्हनं ऐकून घेतलं. किटली शिट्टी मारायला लागली. कुणी उठेना. शेवटी मीच गॅस बंद केला.

"सात वेळा?" मर्व्ह म्हणाला.

"सात वेळा."

"म्हणजे ती शुद्धीत होती. लावत राहिली."

"हो."

"आणि कुणीतरी उचललं असतं तर..."

मला वाटलं, आता मर्व्ह उठून नेव्हला मारणार, आणि मी मध्ये पडणार नव्हतो. मर्व्हनं शर्टाच्या खिशात हात घातला. पंप काढला. टेबलावर, साखरेच्या डब्याजवळ, उभा ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो खिसा रिकामा झाला असेल.

"तुला मी माफ केलेलं नाही," तो नेव्हला म्हणाला. "पण बस. तुम्हाला एक ऐकवायचंय. ही भानगड मला एकट्याला झेपत नाहीये."

भिंतीशी कपाटावर त्याचा घरचा फोन होता, जुन्या पद्धतीचा, निरोप टेप करून ठेवणारा. त्यावरचा लहान हिरवा दिवा लुकलुकत होता. मर्व्हनं बटण दाबलं.

यंत्रानं आधी वार आणि वेळ सांगितली. सोमवार. दोन वाजून एकतीस मिनिटं.

मग काही नाही.

मग... श्वास.

आत. बाहेर. आत. बाहेर. संथ. खालून शिट्टी नाही, ओढ नाही. गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा. आम्ही तिघं उभे राहून ऐकत होतो. टेप संपेपर्यंत तेवढंच होतं, दुसरं काही नाही.

"एकतीस वर्षं शेजारी झोपलोय," मर्व्ह म्हणाला. "तिचाच आहे. पण इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता."

नेव्ह खाली वाकला. सवयच ती, फोन दिसला की आमचा हात आधी वायरीकडे जातो. त्यानं फोनमागे हात घातला, आणि तसाच थांबला. मग मला खुणेनं बोलावलं.

मी बघितलं. विजेची वायर होती जागेवर. फोनची लाईन मात्र भिंतीतून काढून, नीट गुंडाळून, रबर बँड लावून कपाटावर ठेवलेली होती. तिच्यावर धूळ होती.

"सांत्वनाचे फोन नकोसे झाले होते," मर्व्ह मागून म्हणाला. "दफनाच्या दिवशीच काढून ठेवलीय मी ती."